मुलांकरिता लिहिलेली चरित्रे व सत्य

थोर पुरुषांची चरित्रे मुलांच्या हाती द्यावी, ह्याविषयी कोणाचा वाद नाही. वाद आहे तो एवढाच की, मुलांस चांगले वळण लागावे म्हणून चरित्रात न घडलेली गोष्ट घातली, तर ती क्षम्य मानावी की काय. कित्येक सुज्ञ जन म्हणतात, कडू औषधास मध लावून देतात, तसेच हे समजावे. आम्हांस हे पटत नाही. का पटत नाही, ते एका प्रसिद्ध उदाहरणावरून सांगतो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन ह्याच्या बाळपणाची गोष्ट पुष्कळांनी शाळेत ऐकली असेल. सहा वर्षांच्या जॉर्जाने बापाच्या आवडत्या चेरीच्या झाडावर आपली लहानशी कुऱ्हाड चालविली. बापाने विचारताच त्याने खरे ते कबूल केले. आणि बापाने न रागावता त्यास पोटाशी धरिले. ही गोष्ट मेसन लॉक वीम्स नावाच्या पाळकाने लिहिली. हा गृहस्थ गावोगाव पुस्तके विकत फिरत असे. वॉशिंग्टन १७९९ साली वारला, वीम्सचे पुस्तक १८०० साली निघाले, पण झाडाची गोष्ट त्यात १८०६ च्या आवृत्तीत प्रथम आली. एका वृद्ध बाईपासून ती ऐकली असे तो म्हणतो. बाईचे नाव देत नाही, आणि दुसरा पुरावा आजवर कोणास सापडलेला नाही. पुस्तकाच्या पहिल्या पानावर तो आपणांस माउंट व्हर्नन पॅरिशचा माजी पाळक म्हणवितो, आणि त्या नावाची पॅरिश कधी नव्हतीच! खोटे बोलू नये हे शिकविणारी गोष्ट अशा लेखणीतून उतरावी, हे चमत्कारिक नव्हे काय?

कोणी म्हणेल, फळ तर चांगले आले. अब्राहाम लिंकनने लहानपणी हेच पुस्तक वाचले. हे खरे आहे. १८६१ साली ट्रेंटन येथे भाषण करिताना त्याने त्याची आठवण सांगितली. परंतु त्याच्या मनात काय राहिले होते? चेरीचे झाड नव्हे. नदी ओलांडून केलेली ट्रेंटनची लढाई आणि त्या शिपायांनी सोसलेले हाल त्याने सांगितले. म्हणजे जे खरोखर घडले तेच त्या मुलाच्या अंतःकरणात रुजले होते.

आता ह्याच वॉशिंग्टनाविषयी मुलांच्या पुस्तकांत फारसे न येणारे काही. बाप वारला तेव्हा अकरा वर्षांच्या जॉर्जाच्या वाट्यास दहा गुलाम आले. तो वारला तेव्हा माउंट व्हर्नन येथे ३१७ गुलाम होते. त्यांपैकी १२३ त्याच्या मालकीचे. अध्यक्ष असता तो फिलाडेल्फियास राही. बाहेरून आणलेला गुलाम तेथे सहा महिने राहिल्यास त्याने मुक्तता मागावी, असा त्या प्रांताचा कायदा होता. म्हणून मुदत भरण्यापूर्वी गुलामांस परत धाडावे, आणि ते अशा निमित्ताने की त्यांस व लोकांसही खरे कारण कळू नये, असे त्याने १७९१ साली आपल्या चिटणिसास लिहिले. पत्र आजही आहे. त्याच मनुष्याने मृत्युपत्रात, पत्नीच्या पश्चात आपले गुलाम मुक्त व्हावे, म्हाताऱ्यांस अन्नवस्त्र मिळावे व अनाथ मुलांस लिहिणेवाचणे शिकवावे, असेही लिहून ठेविले. पत्नीने १ जानेवारी १८०१ रोजी त्यांस मोकळे केले.

हे दोन्ही मुलांस सांगावे. ते भितील असे आम्हांस वाटत नाही. पवित्र शास्त्रात दाविदाने गल्याथास मारिल्याचे आहे, तसे उरीयास मारविल्याचेही आहे. लिहिणाऱ्याने कोवळ्या वाचकांसाठी ते पान गाळले नाही. आपल्या इकडे जोतीराव फुले ह्यांनी तरुणपणी वॉशिंग्टनाचे चरित्र वाचले असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांनीच १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, गुलामांस दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केले.

रचलेल्या गोष्टीचा सर्वांत मोठा दोष आम्हांस निराळाच दिसतो. ती खऱ्या माणसांची जागा अडविते. वॉशिंग्टनाच्या घरी ओना जज नावाची तरुण दासी होती. आपल्यास मालकिणीच्या नातीस देऊन टाकणार असे कळताच, १७९६ च्या मे महिन्यात घरची मंडळी जेवावयास बसली असता, ती निघून गेली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरमध्ये पोहोचली. तिला परत आणण्याचे प्रयत्न झाले. ती आली नाही. पुढे ती वाचावयास शिकली व ख्रिस्ती झाली. १८४५ व १८४७ साली तिची हकिकत वर्तमानपत्रांत छापली गेली, तेव्हा ती म्हातारी व फार गरीब होती. इतके कष्ट काढले, आता पस्तावा होतो काय, असे तिला विचारले. तिने नाही म्हणून सांगितले. १८४८ साली ती वारली. कायद्याप्रमाणे तेव्हाही ती गुलामच होती.