वाचलेला कर कुणाच्या खिशात?

सोलापूरहून तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर. आज एसटीत बसलं की तासाभरात माणूस देवीच्या दारात. 1948 पर्यंत मात्र एवढ्याशा वाटेत एक राज्य संपून दुसरं सुरू व्हायचं. सोलापूर इंग्रजांचं, 1947 नंतर स्वतंत्र भारताचं; तुळजापूर निजामाचं. इकडचा रुपया वेगळा, तिकडचा हाली सिक्का वेगळा, आणि मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. बाहेरून येणाऱ्या बहुतेक मालावर शेकडा पाचाच्या आसपास जकात पडे. निजाम आणि कंपनी सरकार यांच्यातल्या 1802 च्या व्यापारी तहापासून हा दर चालत आलेला. सोलापुरी कापडाचा तागा असो की विड्यांचे कट्टे, शेजारून आलेला मालही धाराशिवच्या बाजारात परमुलखातला ठरे. उलट हैदराबादच्या वझीर सुलतान कंपनीची चारमिनार सिगारेट लांबून येऊनही घरची!

त्या काळी धाराशिवातल्या एखाद्या साहेबाने विलायतेहून पाईपच्या तंबाखूचा डबा मागवला असता, तर त्यावर दोनदा हात पडला असता. मुंबई बंदरात इंग्रज सरकारचं आयात शुल्क, आणि निजामाच्या हद्दीत पाऊल टाकताना करोडगिरी. आज परदेशातून असा डबा मागवणाऱ्याला बिल बघून घाम फुटतो, तेव्हा त्याने एवढं ध्यानात ठेवावं की सरहद्द आणि शुल्क ही जोडगोळी आपल्या धाराशिव जिल्ह्याला नवी नाही. ती तर दोन हजार वर्षं जुनी आहे. आपलं तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात तगरहून भडोच बंदराकडे जाणाऱ्या कापडाचा उल्लेख आहे. तिथून समुद्रमार्गे रोमन साम्राज्यात पोचलेल्या पूर्वेकडच्या मालावर तिथलं सरकार चौथा हिस्सा शुल्क घेई. म्हणजे तेरच्या विणकराने विणलेल्या मलमलीवरही कुणीतरी शंभराला पंचवीस मोजत होतं.

तंबाखूची तर जन्मकथाच शुल्काशी बांधलेली. पोर्तुगीजांबरोबर ती आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि विजापूरच्या आदिलशाहीत रुजली. नळदुर्ग तेव्हा त्याच आदिलशाहीत होता. अकबराचा वकील असद बेग विजापुराहून परतला तो तंबाखू आणि जडावाची नळी घेऊनच. बादशहाने दोनचार झुरके मारले, हकीम नको नको म्हणत राहिला आणि व्यसन दरबाराबाहेर पसरलं. जवळपास त्याच सुमारास, 1604 मध्ये, इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि पौंडामागे दोन पेन्स असलेलं आयात शुल्क एकदम चाळीस पटीने चढवलं. परिणाम? चोरटी आयात बोकाळली आणि राजाला दर खाली आणावा लागला. व्यसनाची चीड आणि व्यसनाच्या उत्पन्नाची चटक एकाच सिंहासनावर बसू शकतात, हे तेव्हापासून उघड आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कर चुकवणं हे पाप आहे का? वरवर प्रश्न सोपा वाटतो. पण मराठवाड्यात राहणाऱ्याला तो तितका सोपा नाही. कारण आपल्या स्वातंत्र्याच्या इतिहासात करोडगिरीचे नाके जाळणारी माणसं आहेत. 1947-48 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या सरहद्दीच्या कॅम्पांतून जी तरुण मंडळी निजामाच्या हद्दीत शिरत, त्यांच्या कामांच्या यादीत नाके उद्ध्वस्त करणं होतं, शिंदीची झाडं तोडणं होतं. शिंदी का? निजामाच्या तिजोरीला अबकारीचं उत्पन्न त्या झाडातून मिळायचं. लेव्हीचं धान्य देऊ नका, असं गावोगाव सांगितलं जाई. हा सगळा, कायद्याच्या भाषेत, महसूल बुडवण्याचाच उद्योग. तरीही त्या माणसांना आपण स्वातंत्र्यसैनिक म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा सोलापूरहून निघून नळदुर्गच्या वाटेने आत आल्या आणि चार-पाच दिवसांत निजामाची राजवट संपली. पुढे सरहद्दच उरली नाही, तेव्हा तिच्यावरची ती जकातही काळाच्या ओघात गेली.

मग नाका जाळणारा आणि नाका चुकवणारा यांच्यात फरक काय? दोघांनीही शुल्क दिलं नाही. रात्रीच्या अंधारात दोघेही वावरले. कायदा दोघांनीही मोडला. फरक शोधायचा तर 30 जानेवारी 1948 ला नांदेड जिल्ह्यातल्या उमरीत जे झालं ते बघावं. हैदराबाद संस्थानातल्या स्वातंत्र्यसैनिकांनी तिथली बँक लुटली. लाखो रुपये हाती आले. गोळीची भीती, फरारी जिणं, अंगावरचे कपडे सोडून जवळ काही नाही, आणि समोर नोटांच्या थैल्या! त्या रकमेचा पै-पैचा हिशोब ठेवला गेला आणि ती लढ्याच्याच कामी आली, हे मराठवाड्यात आजही अभिमानाने सांगितलं जातं. लुटीचा अभिमान नाही, हिशोबाचा आहे.

माझ्या मते कसोटी इथे सापडते. न दिलेला पैसा कुणाच्या खिशात गेला? स्वतःच्या खिशात गेला असेल, तर तोंडी कितीही तत्त्वाची भाषा असो, ती चोरी. अन्यायी सत्तेला नाकारताना पदरात तुरुंग आणि फटके पडले आणि खिसा रिकामाच राहिला, तर तो सत्याग्रह किंवा बंड. कर नाकारणारा किंमत मोजतो, कर चुकवणारा किंमत वाचवतो.

ही कसोटी आजच्या पार्सलला लावून बघा. पाईप ओढणारी माणसं आपल्या जिल्ह्यात बोटावर मोजण्याइतकी. पण परदेशातून काही ना काही मागवणारी घरं आता गावोगाव आहेत. पाईपच्या तंबाखूचा डबा हे टोकाचं उदाहरण म्हणून घेऊ. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा पाईपच्या तंबाखूमिश्रणावर 28 टक्के जीएसटी आणि शिवाय 290 टक्के भरपाई उपकर लागला. हजार रुपयांच्या डब्यावर सीमाशुल्क धरलंच नाही, तरी कराचे तेव्हा 3,180 रुपये होत. विमानाने येणाऱ्या प्रवाशाला सोबत 125 ग्रॅम तंबाखू शुल्काशिवाय आणता येते, पार्सलला ती सवलत नाही. मग डोकं चालायला लागतं. पाठवणाऱ्याला सांगायचं, वर ‘भेट’ असं लिही. किंमत पन्नास डॉलर असेल तर पाच लिही. तंबाखू कशाला लिहितोस, ‘सुगंधी पानं’ लिही. असं लिहिणाऱ्याला कुणी चोर म्हटलं तर तो चिडेल. तो मुलाच्या शाळेची फी वेळेवर भरतो, दुकानदाराने चुकून जास्त दिलेले दहा रुपये परत करतो. पण सरकार ही त्याच्या लेखी कुणी व्यक्ती नाही, त्यामुळे तिची फसवणूकही त्याला फसवणूक वाटत नाही.

पण फसवणूक कुणाला तरी बाधतेच. परदेशातून येणारी पाच हजार रुपयांपर्यंतची भेटवस्तू एकेकाळी आपल्याकडे शुल्कमुक्त होती. परदेशातल्या मावशीने भाचीला स्वेटर पाठवावा, भावाने बहिणीला घड्याळ, एवढाच त्यामागचा भाव. मग परदेशी, मुख्यतः चिनी, अ‍ॅपवरून रोख मोजून घेतलेला माल ‘भेट’ म्हणून येऊ लागला. डिसेंबर 2019 मध्ये सरकारने ती सवलतच काढून घेतली. सुटली ती राखी आणि जीव वाचवणारी औषधं. खोटी भेट पाठवणाऱ्यांनी कर वाचवला आणि खऱ्या भेटीला कर लागला. करचुकवेगिरीचा भुर्दंड बहुतेक वेळा असा तिसऱ्याच्या, तेही सरळमार्गी माणसाच्या, माथी बसतो.

आता पाईपवाल्याला सोडू आणि उमरग्याला जाऊ. सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचा हा तालुका, पलीकडे कर्नाटक. महाराष्ट्रात जुलै 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. दर वर्षी आदेश निघतो, बंदी पुढे चालू राहते आणि सरहद्दीवरून पोती येत राहतात. पानटपरीवर बरणीत बडीशेप, लटकलेल्या माळेत सुपारीच्या पुड्या, सगळं रीतसर. ओळखीचं गिऱ्हाईक आलं की हात फळीखाली जातो, वर येताना मूठ मिटलेली असते. नोट एका हातातून जाते, पुडी दुसऱ्या हातातून येते, बोलणं पावसापाण्याचं चाललेलं असतं. या व्यवहारात कर शून्य, पावती शून्य आणि तोंडाच्या कॅन्सरचा खर्च मात्र सगळा त्या घराचा, नाहीतर सरकारी दवाखान्याचा. पार्सलवर ‘सुगंधी पानं’ लिहिणारा सुशिक्षित आणि फळीखाली हात घालणारा टपरीवाला यांच्यात इभ्रतीचा फरक असेल, नीतीचा नाही. टपरीवाल्याला निदान पोट पुढे करता येतं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे लिखाण सरकारी परिपत्रक होईल. सरकारची नीती धुतल्या तांदळासारखी आहे का? 2017 मध्ये पाईपच्या तंबाखूवर 290 टक्के उपकर आणि विडीवर शून्य, असा हिशोब होता. कारण मजुराच्या तोंडातली विडी आणि ती वळणाऱ्या बाईचा रोज, दोन्ही सांभाळायचे होते. कारण समजण्यासारखं आहे, पण विडीचा धूर फुफ्फुसाला उपकर विचारून आत जात नाही. सिगारेटच्या पाकिटावर सडलेल्या गालाचं चित्र छापायला लावणारं हेच सरकार आहे आणि सिगारेट बनवणाऱ्या आयटीसीत सरकारी मालकीच्या आयुर्विमा महामंडळाचे मोठे शेअर आहेत. जेम्स राजाचा दुटप्पीपणा चारशे वर्षांनीही जिवंत आहे. नागरिकाने हे बोलून दाखवावं, ओरडून सांगावं. खासदाराला पत्र लिहावं, शुल्काची आकारणी चुकीची वाटली तर अपिलात जावं, वर्तमानपत्रात वाद घालावा. मतपेटी तर आहेच. निजामाच्या प्रजेला यातलं जवळजवळ काहीच नव्हतं. कायदा कुणी केला हे विचारायची सोय नव्हती, म्हणून नाका जाळणं हा तिच्यापुढचा एक मार्ग ठरला. आपल्याला ती सोय आहे. ती न वापरता थेट लबाडीकडे वळणाऱ्याने हुतात्म्यांच्या आड लपू नये.

आणि आपल्या जिल्ह्याने तर हा विचार अधिक करायला हवा. 2018 मध्ये केंद्राने देशातले मागे पडलेले जिल्हे निवडले, त्या आकांक्षित जिल्ह्यांत आपलं नाव आहे. दुष्काळात टँकर येतो, उजनी धरणाचं पाणी नळाने शहरात येतं, जिल्हा परिषदेच्या शाळेला छप्पर मिळतं, तो पैसा सगळा इथे गोळा झालेला नसतो. कुठल्यातरी दूरच्या माणसाने दिलेल्या करातून तो आलेला असतो. घेणाऱ्यांच्या रांगेत पुढे उभं राहायचं आणि देण्याची वेळ आली की पार्सलवर ‘भेट’ लिहायचं, हे स्वाभिमानाला शोभत नाही.

शुल्क जाचक वाटतं त्या पाईपवाल्याला एक मार्ग आजही मोकळा आहे, आणि तो आपल्या परंपरेत बसणारा आहे: डबा मागवूच नये. त्यात कर बुडत नाही, कायदा मोडत नाही, छातीलाही बरं. अट एकच, की झुरक्याचा मोह स्वतःच्या खर्चाने सोडावा लागतो. ते जमत नसेल तर पूर्ण किंमत लिहावी, पूर्ण शुल्क भरावं आणि मग त्या दराविरुद्ध हवं तेवढं भांडावं. पावती हातात असलेल्या माणसाच्या भांडणाला वजन असतं.