टाळी कुणासाठी?

वरळीच्या बीडीडी चाळीत माझ्या मित्राचे बिऱ्हाड होते. वडील हवालदार. 160 चौरस फुटांची खोली, मजल्यावर सामायिक संडास आणि खुंटीला इस्त्रीचा गणवेश. 1920 च्या दशकात इंग्रज सरकारने कामगारांसाठी बांधलेल्या या चाळी. एकट्या वरळीत 121. पुढे पोलिसांनाही इथे खोल्या मिळाल्या. गिरणी कामगार आणि हवालदार एकमेकांचे शेजारी झाले.

गणपतीच्या दिवसांत दोन चाळींच्या मध्ये पडदा बांधत. तिथेच मी ‘अर्धसत्य’ पाहिला. गोविंद निहलानींचा 1983 सालचा चित्रपट, श्री. दा. पानवलकरांच्या कथेवर विजय तेंडुलकरांनी लिहिलेला. शेवटी सबइन्स्पेक्टर वेलणकर रामा शेट्टीला ठार मारतो. शिट्ट्या, टाळ्या! मित्राचे वडील मात्र गप्प. घरी आल्यावर म्हणाले, “अरे, तो चोर कोठडीत मार खाऊन मेला, त्याचं काय? असा कुणी मेला की त्याच्या आईला सांगायला साहेब जात नाही, आम्हांला धाडतात.”

चोर? आम्ही त्याला विसरूनही गेलो होतो.

त्यानंतर भ्रष्ट पोलीस अधिकाऱ्यावरचे कितीतरी थरारपट आले. बहुतेकांचा साचा ठरलेला. एक साहेब हप्ते खातो, दुसरा प्रामाणिक साहेब त्याला किंवा त्याच्या गुंड मित्राला गोळी घालतो, आणि इन्साफ झाला म्हणून आपण उठतो. या साच्याने ‘अर्धसत्य’चा शेवट तेवढा उचलला, कोठडी मागेच ठेवली. वेलणकर रामा शेट्टीच्या दारी गेला होता तो त्या चोराच्या मृत्यूतून वाचण्यासाठीच, हे साच्याला परवडणारे नव्हते.

इथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. भ्रष्ट कुणाला म्हणायचे? पैसे खाणाऱ्याला आपण बिनदिक्कत भ्रष्ट म्हणतो. न्यायालयाला विचारल्याविना जीव घेणाऱ्याला मात्र ‘चकमकफेम’ म्हणून हार घालतो. याच चाळींनी जानेवारी 1974 मध्ये दंगल पाहिली. दलित पँथरच्या सभेनंतर ती पेटली, पुढे मोर्चात भागवत जाधव हा तरुण मारला गेला. पोलिसांवर पक्षपाताचे आरोप झाले, न्या. भस्मे आयोग नेमावा लागला. तिथे प्रश्न चिरीमिरीचा नव्हता. वर्दी कुणाच्या बाजूची, हा होता.

परभणीचा ख्वाजा युनूस, वय 27, संगणक अभियंता. घाटकोपरच्या बसस्फोटानंतर डिसेंबर 2002 मध्ये पकडला गेला, जानेवारी 2003 नंतर कुणाला दिसला नाही. तो पळाला, असे पोलीस म्हणाले. कोठडीतच मेला, असा आरोप झाला. त्या प्रकरणात सचिन वाझे 2004 साली निलंबित झाले, 2020 मध्ये पुन्हा सेवेत आले आणि 2021 मध्ये स्फोटकांच्या मोटारीच्या प्रकरणात अटकेत गेले. आरोपांचा निवाडा न्यायालय करील; पण त्यांना परत घेताना समाज म्हणून आपण कितीसे अस्वस्थ झालो होतो? युनूसच्या आईने वर्षानुवर्षे न्यायालयाचे उंबरे झिजवले. तिच्यासाठी कुठल्या पडद्यापुढे टाळी वाजली?

कुणी म्हणेल, खटले वीस-वीस वर्षे चालतात, गुंड सुटतात, मग करायचे काय? हा संताप खोटा नाही. ज्याचे माणूस गुंडाने मारले त्याला धीराचे धडे देण्याचा अधिकार मला नाही. पण उशिराचा निकाल निदान वरच्या न्यायालयात बदलता येतो. गोळी परत घेता येत नाही. 2006 च्या लखन भैया चकमकीत 13 पोलिसांना जन्मठेप झाली ती 2013 मध्ये. ती चकमक बनावट होती हे सिद्ध झाले, पण मेलेला माणूस उठून आला नाही. शिवाय, पोलिसांना पुराव्याची आणि वकिलाची सवलत आपण मान्य करतो. कोठडीतल्या चोराला का नाही?

पैसे खाणाऱ्याला निदान आपले हात लपवावे लागतात. मारणाऱ्याला ते लपवावे लागत नाहीत, कारण टाळी आपण देतो. त्या भ्रष्टाचारातला तेवढा हिस्सा आपला.

त्या चाळी आता पाडल्या जात आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतल्या पहिल्या 556 रहिवाशांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. पडदा बांधायची ती जागा राहणार नाही. सिनेमा आता मोबाइलवर एकट्यानेच पाहतो. शेवटची गोळी सुटली की हात आपोआप एकत्र येऊ पाहतात, आणि हवालदारकाका आठवतात. आईला सांगायला आज कोण गेले असेल?