वाटेतले थांबे

दोघांच्या प्रवासात एकाला पोहोचायचे असते, दुसऱ्याला थांबायचे असते. बहुतेक संसारही असेच चालतात.

सातारा रस्ता सोडून नसरापूरकडे वळले की घाईचे कारण उरत नाही. तरी घाई सुटत नाही. ती घरूनच सोबत आलेली असते.

नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेल्या बनेश्वराच्या देवळात वसईच्या मोहिमेत मिळालेली पोर्तुगीज घंटा आहे. तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हे साल. एक जण घंटा वाजवून पुढे जातो. दुसरे माणूस मान वर करून साल वाचत राहते. दोघे एकाच देवळात येतात आणि वेगवेगळे पाहून निघतात. सोबत असणे म्हणजे एकच गोष्ट आवडणे, असे लग्नाच्या पहिल्या वर्षी वाटते. दुसऱ्याचे पाहून होईपर्यंत चुळबुळ न करता उभे राहणे, हे फार उशिरा जमते.

भोरजवळ भाटघर धरणाने वेळवंडीचे खोरे पोटात घेतले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की कांबरेश्वराचे देऊळ वर येते आणि माणसे दर्शनाला जातात. दोघांमधले काही विषयही असे वर्षानुवर्षे पाण्याखाली राहतात. ते वर येतात बहुधा गाडीत. तिथे नजर रस्त्यावर ठेवता येते, आणि नजर चुकवता आली की माणूस खरे बोलतो.

वेल्ह्याच्या वाटेवर घरगुती जेवण मिळते. पिठले, ठेचा, भाकरी, इंद्रायणीचा भात. तव्यावरची भाकरी चुलीच्या तोंडाशी उभी केली जाते, टम्म फुगते आणि वाफेसकट ताटात पडते. पाहुणीचा हात क्षणभर अडतो. घरी ती शेवटी जेवते. तोवर तिच्या वाट्याची भाकरी निवलेली असते. दुसऱ्याच्या हातची गरम भाकरी तिला परगावीच मिळते. समोर बसलेल्या नवऱ्याला हे त्या दिवशी दिसते. अनेकांना तेव्हाही दिसत नाही. आणि इथे चुलीपाशी बसलेलीही सगळ्यांच्या मागूनच जेवणार असते.

पुढे राजगड. पद्मावती माचीवर देवळासमोर एक साधी समाधी आहे. ती शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाईंची मानतात. ५ सप्टेंबर १६५९ रोजी त्या याच गडावर वारल्या. संभाजीराजे तेव्हा सव्वादोन वर्षांचे होते. १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखान मारला गेला.

मधल्या दोन महिन्यांतले राजकारण महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. कुणी कुणाला काय निरोप धाडला, वकील कोण होते, शामियाना कुठे उभारला. पत्नीच्या जाण्याचे दुःख राजांनी त्या दिवसांत कुठे ठेवले असेल, हे कुणी विचारत नाही. पराक्रमाला साक्षीदार भरपूर मिळतात. दुःखाला बहुधा एकच मिळतो, आणि तो गेलेला असतो.

गडावर आलेली जोडपी या समाधीवरून पुढे जातात. सुवेळा माचीच्या कातळातले आरपार नेढे गाठायचे असते, ऊन चढायच्या आत फोटो हवे असतात. आधी इथे थांबावे. नेढे दुपारीही तिथेच असते.