सहा मातांचा पुत्र



कुमार कार्तिकेयास सहा कृत्तिकांनी स्तन्यपान करविले, म्हणून तो ‘षाण्मातुर’ म्हणविला. देवांच्या सेनापतीलाही वाढविण्यास एक माता पुरली नाही, हेच या कथेचे मर्म होय. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू झाली. तेथे एका मातेचे अधिक असलेले दूध दुसरीच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळास मिळते. कृत्तिकांचे व्रत ते हेच.

परंतु आपण काय करतो? बाराव्या दिवशी बारशाला घर भरते, घुगऱ्या वाटल्या जातात. आणि पाचव्या महिन्यात, माहेराहून परतलेली तीच सून रडते बाळ घेऊन रात्रभर एकटी बसते. उष्टावण, दात, पहिले पाऊल, वर्षभर तिला शंकाच शंका. उत्तरे शेजारच्या अनुभवी मातेपाशी असतात. मध्ये असतो केवळ एक उंबरठा.

भगिनींनो, देवदर्शनाहून परतताना तो उंबरठा ओलांडा. उपदेश मागाहून करा. प्रथम बाळ आपल्या मांडीवर घ्या आणि तिला घटकाभर निजू द्या. ही सेवाही देवास पोचते. उद्या तीच दुसरीच्या दारी जाईल.