अहवाल कपाटात ठेवू नका

तीन वर्षांचं मूल हाक मारली तरी वळून बघत नाही, खेळण्यातल्या गाडीचं चाक तासन्‌तास फिरवत बसतं, मिक्सर सुरू झाला की कान झाकून रडतं. दुसऱ्या घरातला दुसरीतला मुलगा पाच मिनिटं जागेवर बसत नाही, डबा नाहीतर कंपास रोज शाळेत विसरून येतो, आणि त्याच्या आईला सारखं शाळेतून बोलावणं येतं. अशा वेळी घरात काय बोललं जातं, ते आपल्याला पाठ आहे. आजी सांगते, याचा बाबाही चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. काका सांगतात, मुलगा आहे, मस्ती करणारच. शेजारच्या काकू मोबाइलला दोष देतात. यात दोन वर्षं सरतात. मग कधीतरी आईवडील दुसऱ्या शहरातल्या खासगी डॉक्टरांची वेळ घेतात आणि घरी सांगतात, दात दाखवायला जातोय. काही हजार रुपये भरून तपासणी होते. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, किंवा एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, असं निदान लिहिलेला अहवाल हातात पडतो आणि घरी येऊन कपाटात, साड्यांच्या खाली जातो. शाळेला कळवायचं नाही, सासूबाईंना सांगायचं नाही, कारण थोरलीचं लग्न व्हायचं आहे.

खासगी तपासणी करून घेण्यात काहीही वाईट नाही. ज्याला परवडते त्याने ती जरूर करावी आणि वेळ न दवडता करावी. माझा आक्षेप लपवण्याला आहे. लाजेपोटी केलेली आणि लाजेपोटी दडवलेली तपासणी त्या मुलाच्या कामी येत नाही. ती फसवणाऱ्यांच्या कामी येते, आणि ज्यांच्या खिशात पैसे नाहीत त्यांच्या मुलांचंही त्यात नुकसान होतं.

आधी त्या मुलाचं बघू. अहवाल कपाटात आहे आणि मूल वर्गात आहे. बाईंना ठाऊक नाही की पंख्याचा आवाज आणि साठ मुलांचा गलका त्याला सहन होत नाही, म्हणून ते बाकाखाली जातं. त्यांना तो उद्धटपणा वाटतो. एडीएचडी असलेल्या मुलाला एका दमात चार सूचना दिल्या तर तिसरीपर्यंत पहिली निसटून जाते. घरी त्याला आळशी म्हणतात, शाळेत बेजबाबदार. त्याला रोज बोलणी बसतात, तीही अशा गोष्टीसाठी, जी त्याच्या हातात नाही आणि जिचं कारण घरातल्या दोन माणसांना माहीत आहे. हे मला सर्वांत क्रूर वाटतं. पुढच्या बाकावर बसवणं, सूचना एकेक करून देणं, फळ्यावर दिवसाचा क्रम चित्रांनी लावणं, मधेच उठून वर्गाबाहेर एक फेरी मारू देणं, एवढ्या साध्या गोष्टींनी कितीतरी मुलांची शाळा सुसह्य होते. पण बाईंना कळलंच नाही, तर त्या हे करणार कशा?

लोक म्हणतात, सांगितलं की मुलावर शिक्का बसतो. शिक्के तर बसलेलेच असतात. वेडा, मठ्ठ, वांड, लाडावलेला, हे शब्द मूल पाचवीत जाईपर्यंत शंभरदा ऐकतं आणि पुढे स्वतःबद्दल तेच खरं मानू लागतं. मुलींच्या बाबतीत तर हे आणखी अवघड. लक्ष न लागणारी मुलगी बहुधा दंगा करत नाही, खिडकीबाहेर बघत बसते. शांत आहे, गुणी आहे, अभ्यासात जरा कच्ची आहे, असं म्हणून तिला कुणी तपासायलाच नेत नाही.

लाजेचं दुसरं ओझं आईवर पडतं. हिने नोकरी केली म्हणून, हिने गरोदरपणी असं खाल्लं म्हणून, हिने जवळ घेतलं नाही म्हणून. या आरोपाला जुना इतिहास आहे. अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरने १९४३ साली अकरा मुलांचं वर्णन करून ऑटिझमची ओळख करून दिली, आणि त्यानंतर कित्येक वर्षं तिथले नामवंत तज्ज्ञ आईच्या थंड स्वभावाला दोष देत राहिले. ब्रूनो बेटलहाइमने १९६७ साली याच मताचं पुस्तक लिहिलं. त्याच्या तीन वर्षं आधी बर्नार्ड रिमलँडने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, हे मत खोडून काढणारं पुस्तक लिहिलं होतं. १९७७ साली इंग्लंडमध्ये जुळ्या भावंडांचा अभ्यास झाला आणि यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे हे दिसलं. तेव्हापासूनचं संशोधन त्याच दिशेने गेलं आहे. आईच्या मायेचा, नोकरीचा, लसीचा याच्याशी संबंध नाही. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा १९९८चा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ने २०१० साली मागे घेतला. इतकं सगळं होऊनही आपल्या घराघरांत सुनेला तेच ऐकावं लागतं.

आणि ही मुलं काही विरळा नाहीत. देशातल्या पाच ठिकाणच्या दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची एक मोठी पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. त्या पाचांत उत्तर गोवाही होता. ऐकणं, बघणं, बोलणं, शिकणं, आकडी हे सगळं धरून मेंदूच्या वाढीशी संबंधित एखादी तरी अडचण साधारण आठात एका मुलाला होती. ऑटिझमचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास होतं. म्हणजे दोनशे घरांच्या एखाद्या सोसायटीतही असं मूल असण्याची शक्यता बरीच आहे. आपल्याला ते दिसत नाही, कारण त्याला वाढदिवसांना नेत नाहीत.

जिथे गुपचूप चालतं तिथे बाजार माजतो. चोरून आलेले पालक कुणाला विचारू शकत नाहीत, इतर पालकांशी ताडून बघू शकत नाहीत, तक्रार तर दूरच. वीस मिनिटांत निदान सांगून लगेच वर्षभराच्या थेरपीचे आगाऊ पैसे मागणारी केंद्रं अशाच पालकांवर चालतात. म्हणून चांगली तपासणी कशी असते, हे प्रत्येक पालकाला माहीत हवं. ऑटिझम किंवा एडीएचडी ठरवणारी रक्ताची चाचणी नाही, मेंदूचा फोटोही नाही. एमआरआय किंवा ईईजी दुसऱ्या आजाराची शंका असेल तरच सांगतात. निदान होतं ते आईवडिलांकडून गरोदरपणापासूनची सगळी हकीकत ऐकून, मुलाबरोबर खेळून, त्याला न्याहाळून. न बोलणाऱ्या मुलाचे कान आधी तपासावे लागतात. एडीएचडीची लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली आणि घर व शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसलेली असावी लागतात. त्यामुळे शिक्षकांना एक शब्दही न विचारता दिलेलं एडीएचडीचं निदान अपुरंच असतं. शाळेपासून लपवायचं ठरवून गेलेल्या पालकांनी इथेच आपली तपासणी अर्धी करून टाकलेली असते.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारण्यात अपमान कुणाचाच नाही. अहवालात मुलाला काय जमत नाही याच्या जोडीने काय चांगलं जमतं तेही लिहिलेलं हवं, आणि उद्यापासून घरी व शाळेत काय करायचं ते साध्या भाषेत हवं. नुसतं गुणांकन आणि शेवटी त्याच केंद्राचं दरपत्रक, असा अहवाल मिळाला तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या. ‘पूर्ण बरं करतो’ म्हणणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये घेतले जातात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ सालीच ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही असं स्पष्ट केलं आहे. शेत विकून हे पैसे भरणाऱ्या बापाला तो निर्णय कुणी सांगितला असता, तर? पण त्याने मुलाचं दुखणं गावात कुणाजवळ बोललेलंच नसतं.

आता ज्यांना खासगी दार परवडतच नाही त्यांच्याकडे येतो. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला, आणि त्याची सुरुवात आपल्याच पालघरमधून झाली. त्याच्या तीस आजारांच्या यादीत ऑटिझम आहे, एडीएचडी आहे, शिकण्यातल्या अडचणी आहेत. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत पथकाने यावं, शंका आली की मुलाला जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवावं, तिथे बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा उपचारतज्ज्ञ असावेत, अशी ही रचना आहे. कागदावर ती उत्तम आहे. ती जागेवर किती उभी राहते हे मागणीवर ठरतं, आणि मागणी करू शकणारा, अर्ज लिहू शकणारा, आमदाराला जाब विचारू शकणारा वर्ग गुपचूप पुण्यामुंबईच्या खासगी दवाखान्यात गेलेला असतो. पद रिकामं राहिलं तर ओरडणार कोण? ऊसतोडीला गेलेल्या आईचं मूल गप्प आहे म्हणून तिने मोर्चा काढावा, अशी आपली अपेक्षा आहे का?

शिवाय खासगी वाटेने गेलेल्यालाही शेवटी सरकारी दारात यावंच लागतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे. पण प्रमाणपत्र खासगी अहवालावर मिळत नाही. सरकारने नेमलेले डॉक्टर चाळीस प्रश्नांची भारतीय मोजणीपट्टी वापरून टक्केवारी ठरवतात, आणि ती चाळीस किंवा त्याहून जास्त भरली की बरेचसे लाभ सुरू होतात. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे. तो घ्यायला नाव नोंदवावं लागतं, आणि नाव लपवून नोंदवता येत नाही. नुसता एडीएचडी मात्र त्या एकवीस प्रकारांत नाही. ही उणीव भरून निघायला हवी, असं माझं ठाम मत आहे, आणि तीही ज्या पालकांची मुलं दिसतच नाहीत त्यांच्या मौनातून भरणार नाही.

शाळांनाही सांगायला हवं. ‘असेसमेंट करून आणा’ असं सांगून पालकांना पाठवायचं आणि अहवाल आला की ‘आमच्याकडे सोय नाही, दुसरी शाळा बघा’ म्हणायचं, हा अन्याय अनेक ठिकाणी चालतो. पालकांच्या लपवण्यामागे ही भीती आहे आणि ती खोटी नाही. मान्यताप्राप्त शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि बरोबरीने शिकवावं, हे कायद्याला अपेक्षित आहे. एका पालकाला शाळा बाहेरचा रस्ता दाखवू शकते. त्याच शाळेतले दहा पालक अहवाल हातात घेऊन एकत्र आले तर तिला ते सोपं जात नाही.

कुणी म्हणेल, मुलाची खासगी गोष्ट चव्हाट्यावर का मांडायची? हा प्रश्न रास्त आहे. व्हॉट्सॲपच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर अहवाल टाकावा असं मी म्हणत नाही, आणि मूल मोठं झाल्यावर कुणाला काय सांगायचं हे त्यानेच ठरवावं. पण जी माणसं रोज त्याच्याशी वागतात, त्याचे शिक्षक, आजीआजोबा, भावंडं, त्यांना माहीत असणं हा त्याचा हक्क आहे. आणि खुद्द त्यालाही त्याच्या वयाच्या भाषेत सांगायला हवं. आपण वाईट नाही, आपला मेंदू जरा वेगळ्या रीतीने काम करतो, हे दहाव्या वर्षी कळलेलं मूल आणि तिशीत कळलेला माणूस यांच्या आयुष्यात फार अंतर पडतं.

महाराष्ट्राने हे पूर्वी केलेलं आहे. घरातल्या माणसाची दारू हीही एके काळी दाराआड ठेवायची गोष्ट होती. १९८६ साली अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. व्यसन हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत आणि त्याबद्दल चारचौघांत बोलता येतं, हे त्यानंतर हजारो घरांना पटलं. व्यसनातून बाहेर पडलेली माणसं स्वतःच्या नावानिशी बोलली, म्हणून ते पटलं.

तेव्हा ज्यांच्या कपाटात असा अहवाल आहे त्यांना माझी विनंती आहे. या आठवड्यात तो बाहेर काढा आणि मुलाच्या वर्गशिक्षिकेसमोर बसून तिच्याबरोबर वाचा. आणि मग आपल्या जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारा, शीघ्र हस्तक्षेप केंद्र कुठे आहे, तिथे मानसशास्त्रज्ञाचं पद भरलेलं आहे का, आणि नसेल तर का नाही. उत्तर लेखी मागा.