तवक्कुल आणि हिशेब

परभणीच्या बाजारात आयुष्यभर शिलाई मशीन चालवणाऱ्या माणसाला ना प्रॉव्हिडंट फंड, ना पेन्शन. म्हातारपणासाठी बँकेत ठेवावे तर व्याज हराम; घरात ठेवावे तर महागाई खाते. 'अल्लाह मालिक है' म्हणून तो गप्प बसतो. पण तवक्कुल म्हणजे बेफिकिरी नव्हे. आधी उंट बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, हीच पैगंबरांची (स.) शिकवण आहे.

बिनव्याजी बँकिंगची शिफारस रघुराम राजन समितीने २००८ मध्ये केली. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विषय सोडून दिला. मग अशा भाविकांना 'हलाल नफा' विकणारे भेटले. २०१९ मध्ये बंगळूरची आयएमए बुडाली आणि हजारोंची पुंजी गेली.

ठगांचा गुन्हा मोठाच. पण आपणही स्वतःला विचारले पाहिजे. व्यापार हलाल आहे, कारण त्यात नफ्याबरोबर तोट्याचाही वाटा असतो. तोटा नको, दरमहा नफा मात्र हवा, ही इच्छा व्याजाचीच. नाव तेवढे बदललेले. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, असे सूरह बकरामध्ये बजावले आहे. म्हणून पैसा देताना फतव्याइतकाच हिशेबही मागावा. हिशेब मागणे हा अविश्वास नव्हे, इबादतीचाच भाग आहे.