आजचं चिंतन: नेम मोडला तर?



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७.

खूप खाणाऱ्याला योग साधत नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. अति झोपणाऱ्याला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही, असं भगवंत सांगतात.

आपलं काय होतं? सोमवारी उत्साहात दोन तास जिम, रात्री नुसतं सॅलड. गुरुवारी अंग दुखतं, ऑफिसला उशीर होतो, नेम मोडतो. मग ‘आपल्याला जमणारच नाही’ म्हणून सगळंच सुटतं. नुकसान एका खाड्याने होत नाही, या निराशेने होतं.

म्हणून वेळ ठरलेली ठेवा, व्यायाम बदलता ठेवा. एक दिवस बारा सूर्यनमस्कार, एक दिवस भरभर चालणं, एक दिवस जोर-बैठका, एक दिवस विश्रांती. विश्रांतीही नेमातलीच.

आणि तरी खाडा झालाच तर? याच अध्यायातला २६ वा श्लोक बघा. चंचल मन जिथे जिथे जाईल तिथून त्याला परत आणा, असं तिथे सांगितलंय. म्हणजे ते जाणार, हे भगवंताने धरलेलंच आहे! परत आणणं हीच साधना.

आजचा संकल्प: रात्री फोन बाजूला ठेवून वेळेवर झोपायचं. पहाटे नाम घेत उठायचं आणि दहाच मिनिटं का होईना, अंग हलवायचं.

जय हरी!